पेचकस दातात धरणारा माणूस

आधी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय किसनदादांबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही. दादा बहिरे झालेत, त्यांच्या हाती इंजिन देण्यात आता अर्थ नाही, हे हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या बाजारात सगळ्यांत आधी मी बोललो. चहाच्या हॉटेलात, आठ-दहा जीपवाल्यांसमोर, हसत हसत बोललो. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. सर बोलले म्हणजे विचार करूनच बोलले असतील, असं लोक धरून चालतात. मी विचार केलेला नव्हता.

दादा गेले त्याला आता पाच आठवडे झाले. मी सहावीच्या वर्गावर होतो आणि जीपवाल्या बबनचा फोन आला. "सर, दादा गेले. चहा घेतला, खाटेवर आडवे झाले, अन् मंग उठलेच न्हाईत." मी फोन ठेवला. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून झालं होतं, ते पूर्ण करता आलं नाही.

सेनगावच्या रस्त्याला बाजार संपतो तिथं दादांचं पत्र्याचं शेड. तरुणपणी ते सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला पाणी उपसणाऱ्या मोठ्या डिझेल इंजिनांवर कामाला होते. दिवसभर त्या धडधडाटात राहून कान गेले. "इंजिनानंच माझे कान खाल्ले," ते म्हणायचे, "आता त्यानंच मला पोसावं." आणि खरोखरच पोसलं. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस होता. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ दातात धरायची आणि डोळे मिटायचे. कानांनी जे ऐकू येत नव्हतं ते लोखंडातून, लाकडातून, दातातून कवटीत पोचायचं. कुठला वॉल्व्ह सैल आहे, कुठलं बेअरिंग जायला आलंय, ते डोळे उघडायच्या आत सांगायचे. नवा माणूस हे पाहून हसायचा. जुनं गिऱ्हाईक त्याला गप्प करायचं.

आमच्याकडे वडिलांची जुनी पेट्रोल गाडी आहे. वडील गेल्यावर ती विकवली नाही. एका पावसाळ्यात मला पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला सुईएवढं छिद्र दिसलं. गंज लागून पडलं असेल, यातून पाणी आत जाईल, असं वाटलं. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे सील करायची लाल लाख घरात होती. मेणबत्तीवर वितळवून दोन थेंब त्या छिद्रावर सोडले आणि स्वतःवरच खूश झालो. ते छिद्र कारखान्यातूनच पाडून येतं, टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी बाहेरची हवा त्यातून आत जाते, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला सुचलं नाही. तेलाच्या डब्याला दोन छिद्रं का पाडतात, हा प्रश्न मी दर वर्षी मुलांना विचारतो.

दिवाळीनंतर गाडी बाहेर काढली, तोवर लाख मी विसरून गेलो होतो. दहा-बारा किलोमीटर छान चालायची, मग आचके देत बंद पडायची. पेट्रोल भरलं की पुन्हा दहा-बारा किलोमीटर. मी पेट्रोलमध्ये भेसळ आहे असं ठरवलं. मग दादांकडे नेली. त्यांनी पेचकस लावला, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिन चांगलं हाय सर. आजार इथं न्हाई. चालवत ऱ्हा. बंद पडली की हलवू नका, तिथंच मला बोलवा. जिथं बंद पडती तिथंच आजार दिसतो."

मला ती टाळाटाळ वाटली. गाडी घेऊन निघालो, हॉटेलात थांबलो आणि ते बोललो. बबन हसला, बाकीचेही हसले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत शेडसमोर उभ्या असणाऱ्या जीपा कमी कमी होत गेल्या. हिंगोलीला जायच्या. दादा दुपारी खाटेवर बसून रस्ता बघत असायचे. दादांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, एकदा माझ्या बायकोला विचारलं, "लोक काहून येईना गेले वं? ह्यांचं काई चुकलं का?" बायकोनं घरी येऊन मला ते सांगितलं. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

माझीही गाडी हिंगोलीच्या एका गॅरेजात गेली. कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप बदलला. तिथून परत येताना, मागच्या सीटवर आई, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी नेमकी त्याच हॉटेलासमोर गाडी बंद पडली. लोक जमले. धक्का मारू म्हणाले. आई काच खाली करून म्हणाली, "कुणी हात लावू नका. किसनला बोलवा. अन् तू उतर खाली."

दादा आले ते पेचकस खांद्यावर टाकून, सावकाश. बबननं गर्दीतून आवाज दिला, "दादा, हारन वाजवू का? यील का ऐकू?"

"तुझं तोंड हलताना दिसून राहिलं बबन," दादा म्हणाले. "तेवढं बास हाय."

त्यांनी मला चावी फिरवायला लावली. इंजिन दोन क्षण धरायचं आणि सोडायचं. त्यांनी पेचकस आधी इंजिनावर टेकवला, मान हलवली. मग नव्या पंपावर टेकवला. डोळे मिटलेले, मूठ दातात, आणि सगळा बाजार त्यांच्या तोंडाकडे बघतोय. मला आठवतंय, त्या वेळी मनातून मला ते चुकावेत असं वाटत होतं. ते बरोबर निघाले तर मी खोटा पडणार होतो... हेही लिहून टाकतो.

"पंप ओढून राहिला," ते म्हणाले, "पण त्याला घोट भेटंना. कोरडी छाती चोखणाऱ्या लेकरावाणी झालंय त्याचं. टाकीत पेट्रोल हाय?"

"अर्धी टाकी आहे," मी बोटांनी खूण केली.

ते गाडीच्या मागे गेले. गर्दीही मागे गेली. त्यांनी झाकणाभोवती तळवा धरला आणि झाकण हळूच फिरवलं. फुस्सकन हवा आत ओढली गेली, इतक्या जोरात की पलीकडचा भाजीवाला उठून उभा राहिला. फक्त दादांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी तळवा पाहिला, मग आमचे चेहरे पाहिले.

"वाजलं ना?"

"वाजलं दादा," बबन म्हणाला. आता तो हसत नव्हता.

झाकण सैल बसवून दादा स्वतः स्टिअरिंगवर बसले, बबनला शेजारी घेतलं आणि सेनगावच्या रस्त्याला लागले. तासाभरानं गाडी परत आली ती बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत. दादांचा तळवा हॉर्नवरून उठत नव्हता. त्यांना स्वतःला तो नीट ऐकू येत नव्हता, म्हणून कधी थांबायचं हेही कळत नव्हतं आणि कुणाला त्यांना थांबवावंसं वाटत नव्हतं. बबन खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "सेनगाव जाऊन आलो. एकदाबी बंद न्हाई पडली." माझी आई, जी कधी चारचौघांत मोठ्यानं बोलत नाही, ती हॉटेलाच्या बाकड्यावर बसून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडसमोर चार जीपा उभ्या होत्या. दादा गेले त्या दिवसापर्यंत ती जागा पुन्हा रिकामी पडली नाही.

पण त्या बाजारात आणखी एक गोष्ट घडली. कुणीतरी विचारलं, "छिद्र बुजवलं कुणी?" सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणालो, "हिंगोलीच्या गॅरेजात झालं असेल." परत आल्यावर दादांनी झाकणावरची लाख नखानं खरवडून काढली होती. तो लाल तुकडा त्यांनी उन्हात धरला, ओठांच्या हालचालीवरून माझं उत्तर वाचलं आणि तुकडा शर्टाच्या खिशात टाकला. त्यांची नातवंडं माझ्याच शाळेत होती. अशी लाख गावात कुठं असते, हे त्यांना बरोब्बर ठाऊक होतं. ते काही बोलले नाहीत.

मीही सात वर्षं बोललो नाही. लोकांना हे विचित्र वाटेल, पण बहिऱ्या माणसाची माफी मागणं फार अवघड असतं. ते ओठ वाचायचे, पण असलं काही बोलायचं तर माझी मान खालीच जायची. हळू बोलून चालत नाही. ओरडावं लागतं आणि ओरडलं की सगळा रस्ता ऐकतो. चिठ्ठी लिहिली असती तर त्यांनी वाचली असती. दोनदा लिहिली, फाडली. तोंडानं केलेली चूक कागदावर फेडायची, हे मलाच पटेना.

दादा गेल्यानंतरच्या जलदानाच्या कार्यक्रमाला शेडसमोर मंडप होता. दोन तालुक्यांतले जीपवाले आले होते. सगळं आटोपल्यावर सुमनवहिनींनी मला आत बोलावलं. पेचकस भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. मुठीवर दातांचे खड्डे, इतके खोल की बोट बसावं. "हा मी कुणाला देणार न्हाई," त्या म्हणाल्या. मग पान्यांच्या डब्यातून एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. "हे तुमचं हाय म्हणायचे." पुडीत लाखेचा तो लाल तुकडा होता. मी तो त्यांच्यासमोरच खिशात टाकू शकलो, कारण तोवर माझी माफी मागून झाली होती. ती कशी, ते सांगून थांबतो.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी शेडमध्ये गेलो. दादांना तोवर काहीच ऐकू येईनासं झालं होतं. मी त्यांच्यासमोर बसलो, तोंड उघडलं, मिटलं. असं दोन-तीनदा झालं. दादा उठले, पेचकस आणला, मूठ दातात धरली आणि टोक माझ्या हनुवटीच्या हाडावर टेकवलं. दात न उघडता हातानंच खुणावलं, बोला. मी अगदी हळू बोललो. हॉटेलातलं बोललो, लाखेचं बोललो, गॅरेजवर ढकललं तेही बोललो. त्यांचे डोळे मिटलेले होते, तसेच, एखाद्या इंजिनासमोर असावेत तसे.

त्यांनी पेचकस काढून मांडीवर ठेवला.

"इंजिन चांगलं हाय सर," ते म्हणाले. "आजार इथं न्हाई." आणि बोट रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडे केलं. "जिथं बंद पडली, तिथं जावा."

मी रस्ता ओलांडला. दादा माझ्या मागे येऊन हॉटेलाच्या दारात उभे राहिले. आत बबन होता, आणखी सात-आठ जण होते. मी उभा राहिलो आणि वर्गात बोलतो त्याहून मोठ्या आवाजात म्हणालो, "माझ्या गाडीच्या झाकणाला लाख मी लावली होती. गॅरेजवाल्यानं नाही. आणि किसनदादांच्या हाती इंजिन देण्यात अर्थ नाही असं याच बाकड्यावर बसून मी बोललो होतो. ते खोटं होतं. दादा, माझं चुकलं. मला माफ करा."