शेवटाआधीची एसटी

मे महिन्यातला दुसरा रविवार, दुपार. हजर: मी आणि धाकटी बहीण सुमा. गैरहजर: पालीची मावशी, गुडघ्यांमुळे. टीव्हीवर एक जुना भुताचा पिक्चर लागला होता. लहानपणी मावशीने आम्हाला रत्नागिरीच्या थिएटरात दाखवलेला, तोच.

भुताचा पिक्चर दुपारचाच बघायचा, हा मावशीचा नियम. "बाहेर आल्यावर ऊन हवं गो. भूत उन्हात टिकत नाही." थिएटरात ती गप्प बसायची नाही. भूत विहिरीतून वर आलं की मोठ्याने म्हणायची, "साडीला जरा म्हणून शेवाळ नाही? आमच्या विहिरीत उतर म्हणावं हिला!" पुढच्या रांगा हसायच्या आणि आमची भीती निम्मी व्हायची.

आई गेली त्या वर्षी आम्ही दोघी पालीला मावशीकडे राहायला गेलो. शाळेत कुणीतरी सुमाला सांगितलं, त्या पिक्चरमध्ये मेलेली आई मुलीकडे परत येते. झालं! सुमा जेवेना. "मला बघायचाच आहे." मावशी म्हणाली, "पुढच्या रविवारी नेते. आधी रत्नागिरीला जाऊन कलमांना खत आणू दे." गेली, आणि संध्याकाळी खताशिवाय परत आली. दुकान बंद होतं म्हणाली.

रविवारी आम्ही गेलो. भूत मुलीच्या खोलीच्या दारात आलं आणि मावशी उठलीच. "चला गो, एसटी चुकेल." सुमाने भोकाड पसरलं. मग गाडीत मावशीने शेवट सांगितला. आईने पोरीचं पांघरूण सारखं केलं, केसांवरून हात फिरवला आणि शांतपणे निघून गेली.

"तुला काय माहीत?" सुमा म्हणाली.

"आई ना ती? दुसरं काय करणार?"

त्या रात्री सुमा पोटभर जेवली.

आता टीव्हीवर भुताचा केसांचा टोप सरळसरळ दिसत होता. आम्ही मावशीसारखी बडबड करत यथेच्छ हसलो. भूत दारात आलं तशी सुमा उठली. "मी चहा टाकते. एसटीची वेळ झाली."

मी बसून राहिले. काही अर्धवट सोडायची मला सवय नाही. मांत्रिक आला. त्याने पोरीच्या डोळ्यांदेखत आईला बाटलीत कोंडलं आणि बाटली विहिरीत टाकली. पोर किंचाळत राहिली. धूर खोटा, विहीर पुठ्ठ्याची. पिक्चर म्हणून सामान्यच. तरी मी आवाज बारीक केला.

"गेली ना गं शांतपणे?" सुमाने आतून विचारलं.

"गेली. पांघरूण सारखं करून."

उठायचं कधी, हे मावशीला नेमकं ठाऊक होतं. पालीची पुढची गाडीही होती, हे तर मलाही तेव्हा माहीत होतं. खत आणायला म्हणून गेली त्या दिवशी ती एकटी हा शेवट बघून आली होती. तिची सख्खी बहीण जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

सोमवारच्या कामांत सगळ्यांत वर लिहिलं, मावशीला फोन. गॅस नोंदवून झाला, आंब्याच्या पेट्या गेल्या, मिरजोळ्याहून मिक्सर दुरुस्त होऊन आला. फोन राहिलाय. तिला एकच विचारायचंय: त्या दिवशी तू बाहेर आलीस, तेव्हा ऊन होतं ना गो?