लपलेल्या ओळी

अन्याय झाला तो मांडवीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेवर, शिमग्याच्या आधीच्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता. केला आमच्या पोलीस ठाण्याने, आणि ठाण्याचा प्रमुख मी होतो. इतकी वर्षं झाली, पण तो सोमवार माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आदल्या वर्षी पालखीच्या मानावरून मारामारी झाली होती. एका ढोलवाल्याचा हात मोडला. बाई त्या खटल्यात साक्षीदार होत्या आणि गुरुवारी त्यांची साक्ष होती. शिमग्याआधी जुन्या आरोपींना, शांतता मोडलीत तर कारवाई होईल अशा ताकिदीच्या, प्रतिबंधक नोटिसा जातात. तशी नोटीस बाईंनाही गेली. त्या भागात गस्त घालणाऱ्या, बीटच्या शिपायाने ती भर गल्लीत मोठ्याने वाचली.

"काय बाई, तुमालापण बोलावणं आलं काय?" त्या खटल्यातल्या आरोपीचा भाऊ समोरच्या ओट्यावरून म्हणाला.

बाई ठाण्यात आल्या. "साहेब, मी साक्ष देणार नाही. आरोपी आणि मी तुमच्या लेखी एकच ना?"

दुपारी निनावी फोन आला, की आमचा कारकून हवालदार आरोपीच्या घरी चहाला जातो, त्यानेच बाईंचं नाव यादीत घुसवलं. मी हवालदाराला समोर उभं केलं, दोन तास.

"चहा मी सगळ्यांकडेच पितो, साहेब. तुमच्याकडे तेवढा मिळाला नाही अजून."

मी चिडलो. निलंबनाचा कागद काढणार, तेवढ्यात संगणकावर बसणारी आमची महिला शिपाई आत आली. खेडची पोरगी, नोकरीत नवीन.

"त्यांना सोडा, साहेब. नोटिसा मी काढल्या."

तिने ते करूनच दाखवलं. जुन्या गुन्ह्यांतल्या नावांच्या एक्सेल यादीत एक रकाना होता: आरोपी, फिर्यादी, साक्षीदार. तिने 'आरोपी' असं फिल्टर लावलं. बाकीच्या ओळी दिसेनाशा झाल्या. मग वर्डमधला नोटिशीचा मसुदा त्या यादीला जोडला, आणि यादीतल्या प्रत्येक नावाचं वेगळं पत्र तयार करणाऱ्या मेल मर्जने लपलेल्या ओळींचीही पत्रं काढली. एक्सेलमधलं फिल्टर वर्ड जुमानतच नाही. वर्डमध्ये पत्रं कोणाला जाणार याची यादी उघडून तिथे वेगळं फिल्टर लावावं लागतं. आरोपी अडतीस, नोटिसा एक्क्याण्णव.

"आणि गठ्ठ्यावर सह्या..."

"माझ्या," मी म्हणालो. एकही नाव न वाचता केलेल्या.

हवालदाराची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या मुलीचं मला आजही कौतुक वाटतं. गप्प बसली असती तर दुसऱ्याची नोकरी गेली असती आणि तिला कोणी विचारलंही नसतं. तिने नोकरी पणाला लावली. वर मंगळवारी संध्याकाळपर्यंत उरलेल्या त्रेपन्न लोकांची रद्दपत्रं काढली, प्रत्येक नाव मूळ गुन्ह्याच्या कागदाशी ताडून.

बाई मात्र साध्या दिलगिरीला बधल्या नाहीत. "नोटीस गल्लीत वाचलीत, हेही गल्लीतच वाचा. आणि शिपायाला नका पाठवू, साहेब. सही ज्याची त्याने यावं."

बुधवारी मी गणवेशात त्यांच्या दारात उभा राहून रद्दपत्र वाचलं. समोरच्या ओट्यावरचा आरोपीचा भाऊ आत निघून गेला. गुरुवारी बाईंनी तासभर साक्ष दिली. उलटतपासणीत वकिलाने नोटिशीचा विषय काढला, तेव्हा त्यांनी पिशवीतून रद्दपत्र काढून न्यायाधीशांपुढे ठेवलं.

यंत्राने चूक केली, असं कोणी सांगितलं तर मी ऐकून घेत नाही. खाली सही माणसाची असते. मी संशय घ्यायला दोन तास दिले, वाचायला दोन मिनिटं दिली नव्हती.

तुमच्या दारात चुकीची सरकारी नोटीस आली तर तोंडी समजुतीवर घरी जाऊ नका. सही करणाऱ्याचं नाव विचारा, त्याच्यासमोर बसा, आणि रद्द केल्याचा कागद हातात पडेपर्यंत उठू नका.