आमचा मुका हिरो आज बोलला

मंडळी, लहानपणी सीडी घासली जाईपर्यंत आम्ही भावंडं जो गेम खेळलो, त्याचा आता ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून सिनेमा, आलाय. आज धाकटा भाऊ लातूरहून नांदेडला आला, म्हणून दुपारी दोघांनी मिळून पाहिला.

गेममधला हिरो एक शब्द बोलत नसे. त्याला नाव आपणच द्यायचं. मी त्या तलवारवाल्या गड्याचं नाव बिनधास्त 'शोभा' ठेवलं होतं, म्हणजे माझंच. ॲनिमेत त्याला जपानी नाव, आई-बाप, स्वभाव, सगळं दिलंय. आणि स्वभाव कसला? राक्षस दिसला की रडतो!

मी तडकले. "हा म्हणजे मी न्हाई. मी कधी भ्याले?"

भाऊ हसला. "लई शूर होतीस, अक्का! राक्षस आला की कंट्रोलर माझ्या हातात देऊन पळत होतीस."

"मग तो शोभा कोण होता? तू का मी?"

"दोघंबी."

तेव्हापासून तेच डोक्यात घोळून राहिलंय. हिरोला स्वभाव दिला की गोष्ट रंगते, मान्य. शेवटी मीही डोळे पुसले. पण तो मुका होता तेव्हा त्याच्यात आम्ही दोघं मावत होतो. आज तो बोलला, अन् आम्ही नुसते प्रेक्षक झालो.

तुम्ही काय नाव ठेवलं होतं तुमच्या हिरोचं?