रिकाम्या खुंटीचं कुंकू

माझा राग नाकावर बसलेला असतो, हे आमच्या घरी जगजाहीर आहे. नवरा म्हणतो, "तुझ्याशी बोलायच्या आधी हवामानाचा अंदाज घ्यावा लागते." मी कधी मनावर घेतलं नाही. पण त्या रागानंच एका दसऱ्याला, गोंडपिपरीच्या दुकानात, चार लोकांसमोर मला अशी थोबाडीत दिली की गाल अजूनही चुरचुरतो.

आधी आमच्या बाबांचं सांगते. बाबा सुतार. दसऱ्याला हत्यारं धुऊन पाटावर मांडायचे आणि प्रत्येकाला वेगळी टिकली लावायचे. पटाशी वेगळी, रंधा वेगळा, करवत वेगळी. एखादं हत्यार गावात कोणी मागून नेलेलं असलं, तर भिंतीवरच्या त्याच्या रिकाम्या खुंटीला टिकली. "बाहेर गेलेलं हत्यारबी आपलंच हाये, त्याले काऊन विसराचं?" असं म्हणायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ कुंकवाची वाटी धरून त्यांच्या मागे मागे.

पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाले. भावानं गोंडपिपरीत फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. दाखले, परीक्षेचे फॉर्म, सातबारे, सगळं एका कम्प्युटरवर. तो कम्प्युटर आणि माझ्या घरचा, दोन्ही आम्ही एकाच दिवशी चंद्रपूरहून आणले, एकाच गाडीत, अगदी एकसारखे. दुकानात त्यानं बाबांची रीत चालू ठेवली. दसऱ्याला डबा उघडून आतल्या प्रत्येक पार्टला वेगळी टिकली! मी हसायची त्याला.

वर्षं गेली. माझा कम्प्युटर इतका रखडायला लागला की शाळेची माहिती भरायला एक पान उघडेपर्यंत गॅसवरचं वरण उतू जायचं. नवरा म्हणाला, "दे भंगारात." मी म्हटलं, "जुने तर तुम्हीपण झालात. देऊ?" माझ्या पहिल्या पगारातून घेतलेली वस्तू होती ती, मी कशाला टाकू?

भावानं येऊन पाहिलं. "रॅम वाढवा लागन बाई. एक जागा रिकामी हाये."

"मग बसव ना!"

"पाहतो," म्हणाला.

त्या भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, आणि त्यानं खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बोटभर लांबीची पट्टी काढली. हीच रॅम. चार स्क्रू काढून डब्याचं झाकण उघडलं, रिकाम्या फटीत पट्टी दाबली, दोन्ही बाजूंनी खट् खट् झालं. कम्प्युटर असा पळायला लागला की मी टाळ्याच वाजवल्या. "कुठं मिळाली रे?" विचारलं, तर म्हणे, "भेटली एका जागी." मी पुढं विचारलं नाही. पुढचे सहा महिने शेजारपाजारी मिरवलं मात्र, भाऊ असावा तर असा!

मग उन्हाळा आला, आमच्याकडचा, पंख्यातूनसुद्धा झळ मारणारा. एक दिवस कम्प्युटर चालूच होईना. नुसता बीप बीप. भावाला फोन लावला. तो म्हणाला, "काई नाई, धूळ बसली असन. रॅम काढ, खालचे सोनेरी दात खोडरबरनं घास, परत बसव."

मी झाकण उघडलं. दोन्ही पट्ट्या काढल्या. आणि हबकलेच.

एका पट्टीच्या काळ्या चौकोनावर कुंकवाची टिकली. वाळलेली, पण स्पष्ट. अख्ख्या जगात रॅमला कुंकू लावणारा माणूस एकच!

म्हणजे ही त्याच्या दुकानातली. वापरून झालेली, काढून ठेवलेली. ती मला ओवाळणीत! तळपायाची आग मस्तकात गेली. खोडरबर हातात तसंच, आणि मी परत फोन लावला.

"ही रॅम जुनी आहे ना?"

"हव बाई. जुनीच हाये. पण चांगली हाये."

"तुले भंगार द्याले बहीणच सापडली का रे?" मी रागावले की शाळेतली भाषा उडून जाते, घरची बाहेर येते. "भाऊबीजेच्या ताटात कचरा टाकाले लाज नाई वाटली तुले?"

आणखी बरंच बोलले. सगळं लिहवत नाही. तो मध्ये एकदा "बाई, आयक तं" म्हणाला. मी ऐकलं नाही. रॅम घासून बसवली, कम्प्युटर पुन्हा पळायला लागला, तरी माझा राग उतरला नाही. राखीला गेले नाही. राखी पाकिटात घालून गावातल्या एका माणसाच्या हाती बसनं पाठवून दिली. घे म्हटलं, तुझीपण अशीच बोळवण.

दसऱ्याला वहिनीचा फोन आला. "बाई, या ना. हे बोलत नाहीत, पण रोज तुमचं नाव काढतात." गेले. तोंड वाकडं करूनच गेले.

दुकानात झेंडूचं तोरण, कम्प्युटरचा डबा उघडा, भाऊ कुंकवाची वाटी घेऊन खाली बसलेला. दोनचार माणसं सोनं द्यायला आली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबानं त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाला, "आता तरी या मशीनले जोर येऊ दे बापू. आधी कशी सुसाट पळे. वरीस होत आलं, एका फार्माले अर्धा दिवस बसवते. आमच्या गावचे सारे बाजूच्या दुकानात जाऊन राह्यले."

भाऊ नुसता हसला. खरं सांगते, मला मनातून बरं वाटलं. भोग म्हटलं आता!

त्यानं टिकल्या लावायला सुरुवात केली. कीबोर्डला, प्रिंटरला, मग डब्यात हात घालून पंख्याला, रॅमला. रॅम एकच होती. तिच्या शेजारची फट रिकामी. त्यानं बोट परत वाटीत बुडवलं, आणि त्या रिकाम्या फटीच्या बाजूला, नेमकी, एक टिकली लावली.

मी विचारलं, "तिथं तं काईच नाई. तिथं काऊन लावली?"

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "बाबा नोते का लावत?"

बाई गं! बाकावर बसले ती बसलेच. त्यानं टाकाऊ दिली नव्हती. ज्यावर त्याचं पोट चालतं त्या मशीनीतून उपसून दिली होती. आणि मला झाकण उघडायला, रॅम काढायला, त्यानं स्वतःच सांगितलं होतं की! फसवणारा माणूस असं सांगेल? शाळेत पोरांना अक्कल शिकवणाऱ्या मला हे तेव्हा सुचू नये?

"काऊन नाई सांगितलं रे?"

"चंद्रपूर पाह्यलं, नागपूरले सांगून ठेवलं. असली रॅम आता निघतच नाई म्हणतेत. तुही मशीन अन माही मशीन सारखीच, म्हून..."

"ते नाई. फोनवर काऊन नाई सांगितलं?"

"तूच बोलून राह्यली होती बाई."

घरी आले, कपडेही न बदलता झाकण उघडलं आणि ती पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं परत त्याच्या दुकानात. तो म्हणाला, "ओवाळणी का कोणी वापस करते?" मी म्हटलं, "गप! बसव आधी."

स्क्रू-ड्रायव्हर काढायला त्यानं खण ओढला. आत माझं पाकीट होतं. राखीचं. चिकटवलेलं जसंच्या तसं, फोडलेलंच नव्हतं.

"हे काऊन नाई उघडलं?"

"राखी का आपल्या हातानं बांधा लागते?" तो म्हणाला, आणि स्क्रू पिळायला लागला.

बाहेर दोन बायका फॉर्म घेऊन उभ्या होत्या. मी पाकीट फाडलं आणि त्याचा हात ओढला. दसरा होऊन गेल्यावर, त्या बायकांसमोर, रडत रडत गाठ मारली. ती एकदा सुटली, म्हणून पुन्हा मारली.