गाण्यातून काढलेली हाक

माझ्या बायकोचा आवाज आफ्रिकेतल्या घानाच्या एका माणसानं नेला आन् गाण्यातून काढून टाकला. पोरगी म्हणते, बाबा, तुमी उगाच मनात धरून बसले. धरून बसलो त बसलो.

तो अकोल्याले शेतकीचं शिकाले आला होता, जवारीचा अभ्यास करे. त्या वर्षी आमच्या शिवारात सारं सोयाबीन आन् पऱ्हाटी, पऱ्हाटीची बोंडं अळीनं खाल्लेली. जवारी फक्त दोन घरची, त्यात आमची खायापुरती. म्हणून त्याले आमच्या वावरात धाडलं. दिवसभर कणसं मोजे आन् मोबाइलवर गाणे लावे.

पहिल्यांदा मले ते गाणंच वाटलं नाही. खाली गिटार गोड वाजून राहिली आन् वर एक जण कापसाच्या लिलावात बोली लावल्यासारखा भराभर बोलून राहिला. मी म्हटलं, "हा कोणाशी भांडून राहिला?"

तो हसला. तुटक्या हिंदीत म्हणे, "काका, गिटार दादा के टाइम का, बोलना हमारे टाइम का." दोन्ही मिळून त्याच्या मुलखाचं गाणं होते.

बायको वावरात राखणीच्या माळ्यावर गोफण घेऊन उभी होती. ती वरून बोलली, "तुमी त्या बोलणाऱ्यालेच धरून बसले. त्याच्या मांगून गाणारे त्याले कसे हो देते ते आयका. आपण पाखरं हाकलतो तसंच हाय."

खरंच तसं होतं. राखणीत एका वावरातून हाक गेली की दुसऱ्या वावरातून हाक येते, मंग थवा कुठी उतरला ते समजते. तिची हाक नाल्यापार जाये. हुर्र्या हो, आन् शेवटी आवाज फाटे. त्या दिवसापासून मले ते गाणे समजाले लागले. कोण हाक मारते, कोण हो देते, गिटार कुठी थांबते, सारं.

तोही तसे गाणे करे. एक दिवस त्यानं इचारलं, माझ्या गाण्यात काकीचा आवाज घेऊ काय. मी म्हटलं, "घे ना. हुरडा खाल्ला तसा आवाजही घे."

वावरात आलेल्या माणसाले आमी हुरडा देतो, त्यानं किती खाल्ला ते पाहत नाही. आवाजही मी तसाच दिला. त्यातला एक मलेही देऊन ठेव, हे म्हणाचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी तोंड उघडलं नसतं. दिलेला हुरडा कोण परत मागते?

आठ दिवसांनी त्यानं गाणं आयकवलं. आंधी तिची हाक, मंग गिटार, मंग तो. बायको पदर तोंडाले लावून हसली, "आता मी तिकडचे पाखरं हाकलते म्हणा."

तो छातीवर हात ठेवून बोलला, "काकी की आवाज रहेगी. पक्का."

उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, पाच दिवसांत संपलं. तिचे फोटो दोन हायत, आवाज कुठीच नाही. पुढच्या साली मी जवारी पेरली नाही. कोणासाठी पेराची, आन् राखाची कोणी? तो आपल्या देशी गेला होता. फोनवर रडला, म्हणे गाणं निघालं की पाठवतो. मी वाट पाहिली. पोरीनं मोबाइलमधे तसे गाणे भरून देल्ले, तेच आयकत बसो.

दोन वर्सांनी गाणं आलं. बडनेऱ्याले पोरीच्या घरी लावलं. सुरवातीले हुर्र्या हो आलं, साफ, गोड, कोण्या तरण्या बाईच्या गळ्यातलं.

पोरीनं माझ्याकडं पाह्यलं. "बाबा, याच्यात आई कुठी हाय?"

मी त्याले फोन लावला. म्हणे, "काका, उस में हवा बहुत थी. स्टुडियोवालों ने निकाल दिया, दूसरी लड़की से गवाया."

"जुना आवाज हाय ना तुह्याजवळ?"

"वो फोन खराब हो गया, काका."

मी म्हटलं, "हवा आमच्याच वावरातली होती. तुले नोको होती त मले परत देतास." आन् फोन ठेवला. त्यानं मंग चारदा केला, मी उचलला नाही.

ते गाणं अजून माझ्या मोबाइलमधे हाय. सुरू झालं की मी आवाज पुरा बंद करतो, त्या बाईची हाक निघून जाऊ देतो, मंग वाढवतो.

पोरगी म्हणते, "एवढा राग हाय त आयकता काहून?"

"गिटार चांगली हाय," मी म्हणतो.