होंतोसानांची मापाची बंदूक

आमचे जपानमधल्या सेंदाईचे घरमालक दाराला कुलूप लावत, चार पावलं जात, परत येऊन कुलूप ओढून बघत, मग सहा पावलं जात आणि पुन्हा परत येत. तिसऱ्या खेपेला ते कुलूप ओढत नसत, नुसते त्याच्याकडे रोखून बघत. वरच्या मजल्यावर राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हा सोहळा पाहिला आणि शिरीषला म्हटलं, "अरे, या माणसाच्या घरात काहीतरी आहे बघ." शिरीष म्हणाला, "तुला प्रत्येकाच्याच घरात काहीतरी दिसतं." पण या वेळी माझंच खरं निघालं. खाली भिंतीला बोल्टांनी ठोकलेलं एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात एक छऱ्याची बंदूक आणि एक रायफल होती. घरमालक शिकारी होते. डोंगराच्या कडेच्या वस्तीत अस्वल किंवा रानडुक्कर उतरलं की ज्या म्हाताऱ्यांना बोलावणं जातं, त्यांतले एक.

तोंडावर आम्ही त्यांना ओयासान म्हणायचो, म्हणजे घरमालकसाहेब. घरात मात्र त्यांचं नाव होंतोसान. 'होंतो?' म्हणजे 'खरंच?'. हा शब्द त्यांच्या ओठांवर कायम बसलेला असायचा. टीव्हीवर उद्या बर्फ पडेल असं सांगितलं की होंतो? शिरीष विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो, होंतो? मी घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, होंतो? समोरच्याला खोटं पाडायचं नसायचं त्यांना. फक्त स्वतः बघेपर्यंत काही खरं मानायचं नाही, एवढंच.

आमच्या कचऱ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. एकदा त्यांनी माझ्यादेखत माझी प्लास्टिकची पिशवी उघडली, आतून बाटलीचं एक टोपण काढलं आणि ते तळहातावर ठेवून मला दाखवलं. "जोशी-सान, बाटली वेगळी. टोपण वेगळं." माझं डोकंच फिरलं. साताऱ्याच्या माझ्या माहेरी कुणी परक्या माणसानं आमच्या केराच्या डब्यात हात घातला असता तर आईनं त्याचा उद्धार केला असता. मी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पिशव्यांवर नजर ठेवायला लागले. तिसऱ्या आठवड्यात सापडलं एक टोपण. मी ते तसंच तळहातावर ठेवून त्यांच्या दारात गेले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, आपलंच आहे याची खात्री केली आणि कमरेतून वाकून माफी मागितली. आमची मैत्री सुरू झाली ती तिथून. दोन संशयी माणसांचं जसं जमतं तसं विश्वासू माणसांचं जमत नाही, हे माझं मत आहे.

मग अंगणातले मुळे वर यायला लागले आणि माझे शेंगदाण्याचे लाडू खाली जायला लागले. पहिला लाडू त्यांनी सुरीनं मधोमध कापून, आत काय आहे ते पाहून खाल्ला. उरलेले चार न कापता खाल्ले.

त्यांच्या शिकाऱ्यांच्या गटात एक दातांचे डॉक्टर होते. या डॉक्टरांनी स्वतःच्या मापाची रायफल बनवून घेतली होती. नळी परदेशी, खांद्याला टेकवायचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, हाताची लांबी आणि गालाचं हाड मोजून कोरलेला. किंमत एका छोट्या नव्या गाडीएवढी. होंतोसान तो विषय निघाला की चिडायचे. "डुकराला बंदुकीची किंमत कळत नाही," ते म्हणायचे. "आणि डॉक्टर डोंगर चढत नाहीत. रायफल पुसतात." शिरीषला यांत्रिक गोष्टींत फार रस. तो समजावायला जायचा की अंगाला बसलेली बंदूक हलत नाही, खांद्यात नीट टेकते, नेम लवकर लागतो, म्हणजे पैसे अगदीच वाया नाहीत. होंतोसान ऐकून घ्यायचे. मग विचारायचे, "आणि तो माणूस मेल्यावर?" त्यांचा खरा आक्षेप तोच होता. कारखान्यातली बंदूक दुसरा कुणी परवानावाला वापरू शकतो. एका माणसाच्या मापाची बंदूक तो माणूस गेला की कुणाच्याच कामाची नाही.

मला हे लगेच पटलं, कारण माझ्या कपाटात पुण्याहून शिवून आणलेले नऊ ब्लाऊज आहेत आणि त्यांतला एकही आता मला होत नाही.

आणि मग त्या माणसानं स्वतःच मापाची बंदूक करायला टाकली.

मला आधी कळेना. हे गृहस्थ आठवडाभर कुठे कुठे जाऊन येत होते, खांदा चोळत होते, जिन्याखाली उभं राहून हातात छत्री बंदुकीसारखी धरून बघत होते. संध्याकाळी दुकानात अर्ध्या किमतीचं लेबल लागेपर्यंत पावाजवळ थांबणारा माणूस एवढी उधळपट्टी करतो म्हटल्यावर माझा संशय दोन ठिकाणी गेला. एक तर यांना कुणीतरी गंडवतंय, नाही तर वयानं डोकं चळलंय. पंच्याहत्तरी उलटलेली होती. मी शिरीषला म्हटलं, "त्यांच्या मुलीला कळवू या का, तोकियोत, तोयोसुला?" तो म्हणाला, "तू तुझं काम कर."

शेवटी मी सरळच विचारलं. तेव्हा कळलं की मागच्या हिवाळ्यात बर्फावर पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा पूर्वीसारखा वर येत नव्हता. शरद ऋतूत शाळेच्या वाटेवरच्या पर्सिमनच्या फळझाडावर अस्वल चढलं होतं. आमची मुलगी ईरा त्याच वाटेनं शाळेत जायची. गटानं पाठलाग करून ते डोंगरात हाकललं, तिथे होंतोसानांनी गोळी झाडली आणि ती चुकली. "जुना दस्ता या खांद्याला बसत नाही," ते म्हणाले. बंदूक बनवणाऱ्यावरही त्यांचा विश्वास नव्हताच. त्याची परीक्षा घ्यायला ते मुद्दाम पातळ सदरा घालून मापं द्यायला गेले. तो म्हणाला, "शिकारीला जाताना जाड कोट घालता ना? तो घेऊन या, मग मापं घेतो." होंतोसान निमूट घरी येऊन कोट घेऊन गेले. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. एक माणूस त्यांच्या परीक्षेत पास झाला होता.

रायफल आली. त्यांनी मला दाखवली, अर्थात लांबून. दस्त्याला गाल टेकवायच्या जागी एक हलका खोलगट भाग होता. त्या हिवाळ्यात ते फार खुशीत होते. दोन रानडुकरं पडली, आणि आमच्या घरात शाकाहारी लोक आहेत हे माहीत असूनही एकदा मांसाचं पुडकं वर आलं. मी ते परत पाठवलं तर म्हणाले, "होंतो? अजूनही?"

पुढच्या वर्षी मला एक किल्ली सापडली. त्यांनी पाठवलेल्या पिशवीतले मुळे मी बेसिनमध्ये धूत होते, तर पिशवीच्या तळाशी माती आणि लाल दोरा बांधलेली छोटी किल्ली. रायफल दाखवली तेव्हा ती त्यांच्या हातात होती, मी बघताक्षणी ओळखली. बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते हे घरातल्या माणसालाही कळता कामा नये, असा तिथला नियम. त्यांनी मला एकदा सांगितलंही होतं की ती जागा माझ्या मुलीलाही माहीत नाही. आणि तीन वेळा कुलूप बघणाऱ्या त्या माणसानं ती मुळ्यांबरोबर वर पाठवली होती. मी ती पुसली, रुमालात गुंडाळली आणि खाली नेऊन दिली. त्यांनी रुमाल उघडला. किल्ली मुठीत घेतली. मी हे शिरीषलाही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. तिथे बंदूकवाल्याबद्दल पोलीस शेजारीपाजारी चौकशी करतात. आदल्या दिवशी होंतोसान जिन्यात थांबले. "उद्या पोलीस येईल. मी तुमचं नाव दिलंय. चांगलं सांगू नका. खरं सांगा."

मी मान डोलावली. पण मला वाटलं, असं म्हणायचीच पद्धत असते. आमच्याकडे नाही का, लग्नाच्या स्थळाची चौकशी करायला कुणी आलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चांगलंच सांगायचं. आई म्हणायची, "चौकशीला आलेल्याला वाईट सांगून कुणाचं जमत आलेलं मोडू नये, पाप लागतं." समोरचे काका रोज पिऊन यायचे, पण त्यांच्या मुलीच्या वेळी आईनं पाहुण्यांना सांगितलं होतं, "अगदी शांत घर आहे हो." मी त्याच घरात वाढले.

पोलीस तरुण होता, बूट काढून दारातच गुडघ्यांवर बसला. दारू पितात का, कुणाशी भांडण, अलीकडे काही विसरणं, असं सगळं त्यानं वहीतून वाचून विचारलं. मी होंतोसानांचं स्थळ जमवायला बसल्यासारखी बोलत सुटले. फार सज्जन, फार काळजी घेणारे, कुलूप तर तीन तीन वेळा बघतात. त्यानं विचारलं, "किल्ल्या कधी कुठे राहिलेल्या दिसल्या?" मी म्हटलं, "कधीच नाही." खिडकीतून शाळेची वाट दिसत होती. ईरा अजून यायची होती.

संध्याकाळी ते वर आले. कधी येत नसत. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "किल्लीचं सांगितलंत?"

"नाही," मी म्हटलं. "सगळं छान आहे म्हणून सांगितलं."

"होंतो?" ते हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या शब्दात संशय नव्हता. माझं उत्तर वेगळं निघावं अशी आशा होती. मग ते म्हणाले, "मी सगळ्यांवर संशय घेतो, जोशी-सान. तुमच्यावर घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. तुम्ही माझ्यासारख्या आहात म्हणून." आणि रेलिंगला धरून एकेक पायरी खाली गेले. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. पोळ्या करता करता मी रडले, आणि ईरानं जपानीत विचारलं, "आई, काय झालं?" तेव्हा तिलाही काही नाही म्हणून सांगितलं.

चार दिवसांनी ते स्वतः पोलीस चौकीत गेले, किल्लीची हकीकत सांगितली आणि परवाना परत केला. बंदुकांचा दुकानदार येऊन तिन्ही बंदुका घेऊन गेला. नव्या रायफलीचा दस्ता मात्र त्यानं काढून होंतोसानांकडेच ठेवला. तो दुसऱ्या कुणाच्या खांद्याला बसण्यासारखा नव्हता, आणि नुसत्या लाकडाला परवाना लागत नाही. महिन्याभरात घर विकायचं ठरलं. मुलीनं त्यांना तोयोसुला न्यायचं पक्कं केलं होतं.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी खाली खोकी बांधायला मदत करत होते. दस्ता वर्तमानपत्रात गुंडाळताना मी विचारलं, "ओयासान, एवढे पैसे घातलेत यात. ते सार्थकी लागले का?"

त्यांनी दोरीची गाठ मारली. मग म्हणाले, "लागले. जुन्या बंदुकीनं नेम चुकला की मला वाटायचं, बंदुकीचा दोष. ही माझ्या मापाची होती. या वर्षी हिनंही नेम दोनदा चुकला, आणि संशय घ्यायला दुसरं कुणी उरलं नाही." दोरी कापून म्हणाले, "महाग बंदुकीचा एवढाच उपयोग." आणि मला दुसरं खोकं दिलं.

दीड वर्षानं, थंडीत, ते वारले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात शिरीषच्या कामानिमित्त आम्ही तोकियोला गेलो होतो, तेव्हा मी एकटीच तोयोसुला जाऊन आले. मुलीचं घर बाविसाव्या मजल्यावर होतं. खिडकीतून पाणी, पूल आणि दुसरे तसलेच मनोरे. पुस्तकांच्या फळीवर तो दस्ता आडवा ठेवलेला होता. होंतोसान खुर्चीत बसले होते, पूर्वीच्या निम्मे दिसत होते. "इथे दार आपोआप बंद होतं म्हणे," ते मला म्हणाले, आणि त्या 'म्हणे'वरून मला कळलं की दिवसातून किती वेळा ते उठून बघत असतील.

चहा झाला. मुलगी बशा गोळा करत होती. त्यांनी अचानक विचारलं, "मी फार म्हातारा झालोय का?"

"काय हे, बाबा," मुलगी म्हणाली. "उलट तब्येत छान सुधारलीय तुमची."

त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे बघत होते, पूर्वी कुलपाकडे बघायचे तसे. माझ्या तोंडाशी 'छे हो, कुठे' आलेलं होतं. आईनं शिकवलेलं सगळं आलेलं होतं. मी ते गिळलं.

"हो," मी म्हटलं. "खूप. वर्षभरात खूप झालात. मघाशी कप उचलताना चहा सांडलात आणि तुम्हाला कळलं नाही. मी पाहिलं."

मुलगी हातातल्या बशा घेऊन तशीच उभी राहिली. मी 'होंतो?'ची वाट बघत होते.

मान खाली घालून त्यांनी सदऱ्यावरचा ओला डाग शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "अजून थोडा चहा घ्या."