वेतोबा स्पोर्ट्सचे बारा सभासद

मालनकाकू परबांनी आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावलेला नाही. सामना पूर्ण बसून त्यांनी दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा गोल झाला तेव्हा त्या पिशवीत चष्मा शोधत होत्या. तरीही लालबागच्या वेतोबा स्पोर्ट्स क्लबात कोण कुठल्या साली आला, कुणाचा कोण, फी कुणी भरली नि कुणी टाळली, हे विचारायचं तर त्यांनाच. सभासदांची नोंदवही अकरा वर्षं त्यांच्या हातात होती.

वही आली नवऱ्याकडून. दौलत परब गिरणीत कापडाच्या साच्यावर आणि क्लबात गोलवर. क्लब काढला वेंगुर्ल्याकडच्या कामगारांनी, म्हणून नाव गावच्या देवाचं. वेतोबाला चपला वाहतात. तो रात्री गावभर फिरून राखण करतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी आपल्याकडची श्रद्धा. तेव्हा सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी क्लबाच्या खोलीत देवाच्या तसबिरीपुढे खेळाडूंचे बूट ओळीने मांडायचे आणि केळ्यांचा घड ठेवायचा. नवा पोरगा हसला की दौलत म्हणायचे, "देवाला चपला चालतात, मग बुटांनी काय घोडं मारलंय?"

गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली. कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, कुणी सरळ गावी गेलं. एका सर्वपित्री अमावास्येला धोंडू गावडेची बायको पितरांचं पान वाढून झाल्यावर तशीच क्लबात आली. धोंडूला जाऊन सहा महिने झाले होते. तिने टेबलावर पाच रुपये ठेवले आणि म्हणाली, "भावजी, ह्यांचं नाव काढू नका. माणूस घरातनं गेला, क्लबातनं कशाला जायला हवा?"

दौलतनी वहीत 'धोंडू गावडे, फी जमा' असं लिहिलं. पुढच्या वर्षी तशा दोघी आल्या. मग प्रथाच पडली. पाचाचे एकशे एक झाले, बायका थकल्या तसे मुलगे आणि सुना येऊ लागल्या, पण सर्वपित्रीला गेलेल्यांची फी यायचीच. अकरा वर्षांपूर्वी दौलत गेले. लिहायला नेटकं अक्षर कुणाचं, तर सातवीपर्यंत शिकलेल्या मालनकाकूंचं, म्हणून वही त्यांच्याकडे आली. त्यांनी लिहिलेली पहिली फी नवऱ्याची होती.

मेलेला माणूस कायद्याने सभासद राहत नाही, हे काकूंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यात काही चुकतंय असं कधी मनात आलं नाही. देवळात आपण गेलेल्या माणसाच्या नावाने तेल घालतोच की.

क्लबाची परिस्थिती मात्र नाजूक होती. मैदानाचं भाडं, पंचांचे पैसे, पोरांच्या जर्सी नि प्रवास, दर सीझनला कुणाकुणाच्या हातापाया पडून जमवायचं. फक्त एक गोष्ट क्लबाकडे होती जी पैशाने मिळत नाही. मुंबईच्या लीगमध्ये वरच्या गटात जागा. नवी टीम काढली तर तळाच्या गटापासून सुरुवात, वर यायला पाच-सहा वर्षं. म्हणून लोअर परळच्या काचेच्या इमारतीतली एक कंपनी आली. त्यांना टीम नको होती, ती त्यांच्याकडे होती. त्यांना जागा हवी होती, नि बदल्यात क्लबाचा सगळा खर्च उचलायची तयारी होती.

अध्यक्ष होता राजेश सामंत. क्लब काढणाऱ्यांपैकी एकाचा मुलगा, दौलतच्याच हाताखाली गोलकीपिंग शिकलेला. त्याने मनावर घेतलं. क्लब ही ट्रस्ट, ती विकता येत नाही. पण घटनेत एक कलम होतं. नोंदवहीतल्या दोन तृतीयांश सभासदांनी सह्या दिल्या तर कारभार दुसऱ्यांकडे सोपवता येतो. वहीत नावं साठ. म्हणजे सह्या हव्यात चाळीस. राजेशने एक्केचाळीस आणल्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात ठरावाचा अर्ज टाकला.

अर्जाची नक्कल जुने विश्वस्त म्हणून अप्पा तांडेलांकडे आली. अप्पा एक्क्याऐंशीचे. काठी टेकत ते मालनकाकूंच्या दारात आले.

"मालन, चष्मो लाव आणि ह्यां बघ."

काकूंनी बघितलं. सतराव्या नंबरावर धोंडू गावडे. पुढे इंग्रजीत ऐटबाज, वळणदार सही.

"अप्पा, धोंडूभावजी तर अंगठा लावायचे."

"तेच म्हणतंय मी! मेल्यावर शाळेत गेलो वाटता धोंडू!"

दोघंही हसली, आणि मग दोघांचंही हसू एकदम थांबलं. काकू बोट फिरवत खाली गेल्या. एक्केचाळीसपैकी एकवीस सह्या गेलेल्या माणसांच्या होत्या. कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी बसून वहीच्या झेरॉक्सवरून नावं उतरवली असणार. वहीत सगळ्यांची फी जमा, म्हणजे सगळे जिवंतच. काकूंना आपल्याच अक्षराची भीती वाटली. ही नावं त्यांनीच तर जिवंत ठेवली होती.

एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. दौलत परब या नावापुढे सही नव्हती. जागा कोरी होती. तेवढं मात्र राजेशला जमलं नव्हतं.

अप्पांची नात अनुजा वकील. तिने हरकत दाखल केली. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी दादरला तिच्या घरी ती काकूंना समजावत बसली.

"काकू, साधा हिशेब आहे. एकवीस जणांचे मृत्यूचे दाखले माझ्याकडे आहेत. त्या सह्या खोट्या ठरल्या की ठराव पडला. एकवीस नावं वहीतून गेली, उरली एकोणचाळीस. त्यांना सभा घेऊन पुन्हा ठराव आणायचा तर सव्वीस हात लागतील. राजेशकडे खरे आहेत वीस. बाकीचे सात विरोधात. म्हणजे त्यांना सव्वीस हात जन्मात मिळणार नाहीत."

"वीस नि सात सत्तावीस. मग एकोणचाळीस कशी?"

अनुजाने पेन खाली ठेवलं. "तेच सांगतेय. आणखी बारा जण वारलेत, पण त्यांच्या सह्या केलेल्या नाहीत. त्यांचा विषय निघणार नाही. राजेश काढणार नाही. कोण मेलंय ते मला ठाऊक होतं म्हणाला, तर त्या एकवीस सह्या केल्या कुणी, हे सांगावं लागेल त्याला."

"आणि निघाला विषय तर?"

"बाराही गेले तर वहीत सत्तावीसच उरतात. सत्तावीसात अठरा पुरतात. त्यांच्याकडे वीस आहेत." तिने पेन पुन्हा उचललं. "मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही. विचारल्याशिवाय बोलू नका, एवढंच."

"आणि विचारलं तर?"

"तर मग तुमचं तुम्ही बघा, काकू."

परतताना चाळीच्या तोंडाशी मयूरची गाठ पडली. मयूर टीमचा कोच, चौतीस वर्षांचा, दिवसभर कुरियर कंपनीत नि पहाटे मैदानावर. त्याची सही त्या वीस खऱ्यांत होती, आणि खोट्या एकवीसात त्याच्या वडिलांची.

"काकू, उद्या जाताय म्हणे माझ्या विरोधात?"

"तुझ्या नाही रे, त्या कागदाच्या."

"कागदच तर पैसे देणार होता. गेल्या सीझनला माझ्या दोन पोरांनी फाटक्या बुटाला सेलोटेप लावून मॅच काढली. तुम्ही लोक नाव घेऊन बसलाय. नावाने पोट भरतं का?"

"तुझ्या बाबांची सही बघितलीस?"

मयूरने मान वळवली. "बघितली. शिव्या घातल्या राजेशला. पण माझी सही मीच केलीय, आणि मला ती मागे घ्यायची नाही."

त्या रात्री काकूंनी देवापुढे दिवा लावला तेव्हा काही मागितलं नाही. काय मागायचं, तेच कळेना. बारा माणसं. त्यात आपलं एक. उद्या तेवढा वेळ गप्प बसायचं आणि घरी यायचं. क्लब वाचेल, वाचला की दौलतचं नाव राहील. बोललो तर त्यांचं नाव पहिलं पुसायला आपलाच हात. शेवटी त्या झोपल्या, ते देवावर टाकून.

सुनावणी छोट्याशा खोलीत होती. अधिकारी पन्नाशीचे, सर्दीने हैराण झालेले. अनुजाने एकवीस दाखले एकेक करून ठेवले. राजेश समोर बसला होता, टेबलाच्या कडेवर नखाने ओरखडे काढत. अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, "या सह्या तुमच्यासमोर झाल्या?" तो म्हणाला, "ऑफिसच्या माणसांनी जमवल्या, सर. मी विश्वास ठेवला." अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. ठराव पडला हे सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. अप्पांनी काठीवरचे हात सैल केले.

मग अधिकारी मालनकाकूंकडे वळले.

"वही तुम्ही ठेवता? या एकवीस जणांची फी मेल्यानंतरही जमा दिसते."

"होय साहेब. त्यांची माणसं सर्वपित्रीला आणून देत. मी घेत होते."

"ते हयात नाहीत हे माहीत असून?"

"माहीत असून."

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं. रागावले नाहीत, उलट थोडे गोंधळल्यासारखे झाले. "बरं. मग एवढं सांगा. हे एकवीस सोडले तर वहीतली बाकीची एकोणचाळीस माणसं हयात आहेत ना?"

अनुजा कागदांकडे बघत राहिली. राजेशचा ओरखडे काढणारा हात थांबला. खोलीत चार माणसांना उत्तर माहीत होतं आणि चौघांतल्या तिघांना ते द्यायचं नव्हतं.

काकूंच्या मनात आलं, हो म्हटलं तर कुणाला कळणार आहे? आणि लगेच दुसरं आलं की राजेशनेही एकवीस वेळा हाच विचार केला असेल. मेलेल्या माणसांकडून त्याने सही करून घेतली. आपण त्यांना गप्प बसवून मत द्यायला लावतोय. फरक तो काय राहिला?

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "आणखी बारा नाहीत."

त्यांनी वही उघडली नाही. नावं तोंडपाठ होती. वर्ष सांगत, आजार सांगत त्यांनी अकरा नावं घेतली. अधिकारी लिहीत गेले. मग काकू थांबल्या.

"ही अकरा झाली," अधिकारी म्हणाले.

"बारावे आमचे हे. दौलत रामा परब."

बाहेर पडल्यावर अप्पांनी रस्ता ओलांडेपर्यंत कसंबसं धरून ठेवलं आणि मग फुटले. "गप रवाक काय झाला हुता तुका? बारा माणसांचो तर प्रश्न हुतो!"

"आजोबा, पुरे," अनुजा म्हणाली.

"बोलू दे गं त्यांना," काकू म्हणाल्या. "त्यांचं खरं आहे."

निकाल आला तो असा. ठराव रद्द. खोट्या सह्यांची चौकशी वेगळी, तोवर राजेशने पदावर राहायचं नाही. वहीतली तेहतीस नावं कमी करायची आणि उरलेल्या सत्तावीस सभासदांची सभा दोन महिन्यांत घ्यायची, हात वर करून. नावं कमी करायचं काम वही ठेवणाऱ्याचं. काकूंनी दुपारी जेवणं उरकल्यावर पट्टी आणि लाल पेन घेतलं. रेघ कुठे वाकडी जाऊ नये म्हणून त्या सावकाश ओढत होत्या. दौलतच्या नावाशी आल्यावर त्यांनी रेघ नावावरून नेली नाही, खालून नेली. मग वाटलं, हा पुन्हा तोच लबाडपणा. दुसरी रेघ नावावरून ओढली.

सभा क्लबाच्या खोलीत मावणारी नव्हती, म्हणून चाळीच्या पटांगणात झाली. सत्तावीसच्या सत्तावीस आले. एक तर सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने आला होता. मालनकाकू सभासद नव्हत्या, बायकांना कुणी कधी केलंच नव्हतं. त्या कडेला खुर्ची घेऊन बसल्या, हात मोजायला.

अप्पा पहिले बोलले. घामाने, रक्ताने उभा केलेला क्लब वगैरे. आवाज फुटत होता, लोक मान खाली घालून ऐकत होते. मग मयूर उठला.

"माझ्या बाबांची खोटी सही केली त्याला मी माफ करणार नाही. पण बाबा असते तर काय म्हणाले असते, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. मी माझं सांगतो. मला पोरांना बूट हवेत, मैदान हवंय. आपली चाळीस पोरं आहेत, त्यांच्यासाठी आपल्यातला कोण काय देऊ शकतो ते सांगा, मी हात खाली घेतो."

द्यायला कुणाकडे काही नव्हतं, हीच खरी गोष्ट होती. मग सावंतवाडीहून आलेला माणूस म्हणाला, कंपनीने नाव बदलायचं नाही आणि लालबागच्या पोरांना टीममध्ये घ्यायचंच, हे लेखी द्यावं. त्यावर अर्धा तास वाद झाला. सभेला आलेल्या कंपनीच्या माणसाने फोनवर वरिष्ठांना विचारून दोन्ही लिहून दिलं. एका कागदावर, सगळ्यांसमोर.

हात वर झाले. काकू मोजत गेल्या. एकदा मोजले, पुन्हा मोजले, आणि खात्रीसाठी अनुजालाही मोजायला लावले. एकोणीस. एक जण मागे हटला होता, पण लागत होते अठराच.

"एकोणीस," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मंजूर."

अप्पा उठून गेले. माणसं हळूहळू पांगली. खुर्च्या उचलायला मयूर थांबला होता. तीन खुर्च्या एकात एक घालून तो काकूंच्या समोर आला, पण त्यांच्याकडे बघेना.

"काकू, रागावलात?"

"वाईट वाटलं रे. खोटं कशाला बोलू?"

"तुम्ही गप्प राहिला असता तर मी हरलो असतो."

"ठाऊक आहे."

"मग?"

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "तो हात तुझाच होता ना?"

"माझाच."

"मग झालं तर. ती खुर्ची दे इकडे, तिचा पाय निसटतोय. असाच कुणी बसेल नि पडेल."